ट्रॅक्टरचे स्टिअरिंग खाचखळग्यात का भरकटते? कारणे व तपासणी

वर्धा जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉलीला उसंत नसते. शेतातून पांदण, पांदणीतून गावरस्ता आणि तेथून हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या बाजाराचा डांबरी रस्ता, असा हा प्रवास असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरील रस्ते लवकर खचतात. अशा रस्त्यावर ट्रॅक्टर डावी-उजवीकडे ओढ घेऊ लागला की आपण रस्त्याला दोष देतो. परंतु सुस्थितीतील ट्रॅक्टर धक्का बसल्यावरही ताब्यात राहतो. तो वारंवार भरकटत असेल तर दोष ट्रॅक्टरमध्ये किंवा भार भरण्याच्या पद्धतीत आहे, असे समजावे. भरलेली ट्रॉली मागे असताना हा दोष जिवावर बेतू शकतो.

असे का होते?

दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधोमध एका सेंटर पिनवर झुलतो. एक चाक उंचवट्यावर चढले की ॲक्सल तिरपा होतो व दुसरे चाक जमिनीवर टेकून राहते. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक व टाय रॉड यांची साखळी असते. सेंटर पिनचा बुश झिजला तर ॲक्सल वर-खाली झुलण्याबरोबरच मागे-पुढेही सरकतो. ड्रॅग लिंक मात्र आपल्या लांबीइतकीच राहते. साहजिकच चालकाने स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. सांध्यांत ढिलेपणा असेल तर चाके सरळ करण्यासाठी फिरवलेले स्टिअरिंग उशिरा लागू पडते आणि ट्रॅक्टर नागमोडी चालतो.

लक्षणांवरून दोष ओळखा

१) फक्त भरलेली ट्रॉली जोडल्यावर भरकटतो : पुढच्या चाकांवर पुरेसा भार नाही.
२) खड्ड्यात एकदम बाजूला ओढ घेतो : सेंटर पिनचा बुश, ड्रॅग लिंकचे सांधे.
३) ठराविक वेगाला पुढची चाके थरथरतात : टो-इन बिघडणे, बेअरिंग किंवा किंगपिन ढिली होणे, रिम वाकणे.
४) सतत एकाच बाजूला ओढतो : दोन्ही टायरांतील हवा असमान किंवा ॲक्सल वाकलेला.
५) केवळ ब्रेक लावताच ओढतो : ब्रेक असमान. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडलेलेच असावेत.

तपासणीचा क्रम

तपासणी सपाट व कठीण जागेवर करावी. इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा व मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. केवळ जॅकवर विसंबू नये. ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

टायर : दोन्ही टायर थंड असताना हवा मोजावी व पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सारखी ठेवावी. एका टायरची झीज एकाच कडेला असल्यास टो-इन बिघडल्याची शंका घ्यावी.

सांधे : चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक बॉल जॉइंटवर हात ठेवावा. एक भाग हलतो व त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, असा सांधा झिजलेला समजावा. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही पाहावेत.

बेअरिंग व किंगपिन : एक चाक उचलून वरून व खालून धरून हलवावे. चाक स्पिंडलवर हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. स्पिंडलसकट हलत असेल तर किंगपिनचा बुश झिजला आहे.

सेंटर पिन : इंजिनच्या पुढील आधाराखाली जॅक लावून दोन्ही चाके अधांतरी करावीत. ठोकळे इंजिनच्या आधाराखालीच द्यावेत. मग पहारीने ॲक्सल मागे-पुढे हलवून पाहावा. स्पष्ट हालचाल दिसल्यास बुश बदलावा.

टो-इन : चाके सरळ ठेवून दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस, हबच्या उंचीवर खडूची खूण करावी व दोन खुणांतील अंतर मोजावे. ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा मागील बाजूस, तेवढ्याच उंचीवर आल्यावर पुन्हा मोजावे. पुढील अंतर मागील अंतरापेक्षा काही मिलिमीटर कमी असावे. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा.

दुरुस्ती करताना

सर्व सांधे तपासल्याशिवाय स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू कसू नये. दोष सांध्यात असताना स्क्रू कसल्यास स्टिअरिंग जड होते व दोष तसाच राहतो. झिजलेला बॉल जॉइंट ठोकून किंवा वेल्डिंग करून वापरू नये; तो बदलावा. सांधा खोलल्यावर नवी कॉटर पिन टाकावी. टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक बदलल्यास टो-इन पुन्हा मोजावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास तेलाची पातळी व गळतीही पाहावी. चिखलणी किंवा ओल्या शेतातील कामानंतर निपल पुसून, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

ट्रॉलीचा भार

स्टिअरिंगचा ताबा राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान एक पंचमांश भार पुढच्या चाकांवर असावा, असा ठोकताळा आहे. दोनचाकी ट्रॉलीत पुढे जास्त माल भरल्यास हुकावर दाब येऊन ट्रॅक्टरचे नाक हलके होते. मागे जास्त भरल्यास हुक उचलला जाऊन मागच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून माल सारखा पसरावा व गरजेप्रमाणे पुढे वजने लावावीत. ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकालाच जोडावी, उंच जागी नव्हे.

शेतकरी बंधूंनो, वेचणीपूर्वी ही तपासणी एकदा अवश्य करा. दोष सापडल्यास दुरुस्ती होईपर्यंत भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढू नका. मजुरांना कापसाच्या ढिगावर बसवून नेऊ नका. एका बुशचा खर्च वाचवताना माणसाचा जीव धोक्यात घालणे कधीही परवडणारे नाही.