माळावरचा नकल्या

नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याची एक युक्ती येते. पोकळ नळी आडवी अडकवायची. पोपट तिच्यावर बसला की त्याच्याच भाराने नळी गर्रकन फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून नळी पायांनी घट्ट आवळून धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. पंजा सैल केला तर तो सहज उडून जाईल, पण आपण अडकलो हे त्याने स्वतःच ठरवलेले असते. दृष्टांत संस्कृतातून चालत आलेला, विषय अहंकाराचा. तरी पोपटाची ती धडपड ज्ञानदेवांनी अशी रंगवली आहे की वाचताना अहंकार क्षणभर बाजूला राहतो आणि पोपटच डोळ्यांपुढे येतो.

याच नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यात एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल फेअरबँक नावाचे अमेरिकन पाद्री राहत होते. १८४६ मध्ये हिंदुस्थानात आलेला हा माणूस धर्मप्रचाराइतकाच पक्षी, गोगलगायी आणि वनस्पतींत रमणारा होता. पळणीच्या डोंगरात त्यांना मिळालेल्या एका पक्ष्याला ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्यांचे नाव दिले. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातल्या पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली. ते चालवणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम. नगरच्या मिशनमध्येही एक ह्यूम होते, रॉबर्ट ॲलन ह्यूम. जुने कागद चाळताना या दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

आपल्याकडे मराठी वर्तमानपत्र आणि पक्ष्यांची शास्त्रीय यादी जवळपास एकदमच अवतरली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. साइक्स मुंबई सरकारसाठी सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी. नगरसह दख्खनचे जिल्हे पालथे घालताना त्याने धान्य, माणसे, जमीन मोजली आणि पक्षीही मोजले. दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, खुद्द नगरला मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. धर्माच्या जोडीने सृष्टीचे ज्ञान वाचकाला द्यायचे, हा मिशनऱ्यांचा बाणाच होता.

तरीही त्या काळच्या छापील मजकुरात पक्ष्याचा आवाज शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही. कारण साधे आहे. तेव्हाचे पक्षीशास्त्र बंदुकीचे शास्त्र होते. पक्षी ओळखायचा म्हणजे पाडायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा, पंख आणि चोच मोजायची. ह्यूमने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेला संग्रह पक्षी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुन्यांचा होता. त्यातला एकही गात नव्हता. आणि हे झाले अभ्यासकांचे. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या साहेबाने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. विणीच्या दिवसांत नर माळढोक घशातून जो घुमारा काढतो, तो माळावर अर्धा किलोमीटर ऐकू जातो. मॅन्सफिल्डला तो आवाज बंदूक कुठे रोखायची ते सांगत असणार. मला तरी त्या आकड्यात शौकापेक्षा हिशेबीपणाच जास्त दिसतो.

पाळीव पोपटाची गोष्ट वेगळी होती. वाड्याच्या ओसरीवर पिंजरा, त्यात हिरवी मिरची नाहीतर पेरूची फोड, आणि पोराबाळांनी घोकून घेतलेले 'विठू विठू'. पोपटाचे कौतुक सोपे असते, तो आपल्याच तोंडचे आपल्याला परत देतो.

वर्तमानपत्रातून पक्ष्यांवर खरे गोड लिहिले ते साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिनने. 'इहा' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा मीठ आणि जकात खात्याचा अधिकारी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आपल्या बंगल्यात घुसणाऱ्या कावळे, सरडे, मुंग्या, उंदरांवर लेख लिही. १८८३ मध्ये त्या लेखांचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक झाले. सरहद्दीवरच्या टोळ्यांशी सरकार जसे वागे तसा तो सरड्या-कावळ्यांशी वागतो, अशी ती थट्टा. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यात एटकिन होता, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. या दोघांचा उल्लेख आपण इतर कारणांनी करतो आणि हे नेमके विसरतो.

पण माझ्या मते त्या शतकातला सगळ्यात नवलाचा बोलका पाळीव पक्षी ना पोपट, ना मैना. तो आहे साइक्सने १८३२ च्या यादीत प्रथम वर्णिलेला, दख्खनच्या खडकाळ माळावरचा शेंडीवाला छोटा चंडोल. मातीच्या रंगाचा, चिमणीपेक्षा फार मोठा नाही. ढेकळात बसला तर दिसतही नाही. मद्रासच्या लष्करातला डॉक्टर टॉमस जर्डन याने १८६२ ते १८६४ या काळात 'बर्ड्स ऑफ इंडिया' काढले, त्यात या पक्ष्याचे पिंजऱ्यातले आयुष्य येते. शौकीन लोक पिंजऱ्याला कापड गुंडाळून आत काळोख करीत आणि दर वर्षी त्यावर कापडाचा आणखी एक थर चढवीत. त्या अंधारात चंडोल इतर पाखरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करी. एवढ्यावर तो थांबत नसे. कुत्र्याचे केकाटणे, मांजराचे म्यावणे, पिल्लांना बोलावणाऱ्या कोंबडीची साद, सगळे त्याला येई. पिंजऱ्याच्या कापडावरून पक्ष्याचे वय मोजावे, असा हा प्रकार. उजेड बंद केला की ऐकण्याखेरीज त्याला दुसरा उद्योगच उरत नसे. क्रौर्य आहेच, पण या पक्ष्याला कान आहे, हे त्या पिंजरेवाल्यांना साहेबांच्या आधी कळले होते.

पुढे नगरच्याच रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पाखराची व्यथा मांडली. मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या ती पाठ झाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे होते, म्हणजे बॅलंटाइनच्या पत्रात अखेर पाखराच्या बाजूने लिहिणारा माणूस येऊन बसला.

एकोणिसाव्या शतकातल्या पक्ष्याचा प्रत्यक्ष आवाज आज ऐकायला मिळतो तो जर्मनीतला. १८८९ मध्ये लुडविग कॉख या लहान मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पाळलेल्या शामाचे गाणे उतरवले. पक्ष्याच्या आवाजाचे हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण, आणि शामा मूळचा आपल्याकडच्या रानातला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलात तो आजही गातो.

चंडोलाला मात्र मेणाचे नळकांडे लाभले नाही. आता देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्याला ऐकायचे तर माळावर जावे लागते. कर्जतजवळच्या रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, तिथल्यासारखे गवताळ माळ हे त्याचे घर. नर आभाळात चढत चढत गातो आणि त्या गाण्यात शेजारपाजारच्या पाखरांचे तुकडे बेमालूम मिसळतो. आवाजावरून पक्षी ओळखणारे मोबाइल ॲप अशा वेळी गोंधळले तर त्याला दोष देता येणार नाही. खात्री करायची असेल तर मान वर करून, उन्हात डोळे बारीक करून, गाणारा कोण आहे ते स्वतःच पाहावे.