‘कळवतो’ या शब्दाची किंमत

पर्युषण आटोपते. संवत्सरीला, आणि दिगंबर बांधवांकडे क्षमावाणीला, आपण लहानथोरांपुढे हात जोडून वर्षभरातील चुकांची क्षमा मागतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या पेठा दसरा-दिवाळीच्या तयारीला लागतात. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज, आष्टी, कडा, कोणत्याही गावच्या बाजारातून फिरावे. कापडाच्या, भांड्यांच्या, किराण्याच्या व सराफीच्या दुकानांवर ‘कामासाठी मुले-मुली पाहिजेत’ अशी पाटी या दिवसांत हमखास दृष्टीस पडते.

नेमका हाच काळ आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने वर्षाचा निर्णायक काळ असतो. साखर कारखान्यांचे गाळप साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्यासाठी बीड जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि उचल त्या कोयत्याच्या हिशेबाने ठरते. एकदा उचल हातात घेतली की हंगाम संपेपर्यंत त्या घराचे पाय बांधले गेले असे समजावे.

अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी बारावी होते, पदवी घेते, तेव्हा कोयता सुटण्याची पहिली वाट पुष्कळदा आपल्या दुकानाच्या पायरीवरून जाते. पाटी वाचून किंवा ओळखीच्या कोणाकडून ऐकून ती येते. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे आली खरी. पण पाटोदा, धारूर, वडवणीकडील खेड्यापाड्यांतून पेठेत यायचे म्हणजे आजही एस.टी.चे भाडे मोडायचे आणि एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. शेठजी दोन-चार प्रश्न विचारतात, कागद पाहतात आणि शेवटी म्हणतात, ‘ठीक आहे, कळवतो.’

आपल्या दृष्टीने संभाषण तेथे संपले. समोरच्या घरात मात्र ते तेथूनच सुरू होते. ज्याला होकार मिळाला तो गावी परतून बांधाबांध करील. ज्याला नकार मिळाला तो दुसऱ्या दुकानात विचारील, किंवा नाइलाजाने मुकादमाशी बोलेल. परंतु ज्याला उत्तरच मिळाले नाही, त्याने काय करावे? मुकादम दारात उभा आहे, आईवडील विचारीत आहेत, आणि शेठजींचा फोन आज येईल, उद्या येईल, म्हणून मुलगा उचलीला हो म्हणत नाही. आठ-पंधरा दिवस गेल्यावर त्याला उमगते की, ती जागा केव्हाच भरली. उसाच्या फडावरील भरतीत शोषण आहे, कर्जाचा फास आहे, हे कोणी नाकारणार नाही. तथापि केव्हा निघायचे आणि हाती किती पडायचे, हे मजुराला तेथे आधी कळते. प्रतिष्ठित पेढीने दिलेले उत्तर त्याहून अस्पष्ट असावे, ही गोष्ट आपणा सर्वांना विचार करायला लावणारी आहे.

जुनी रीत आणि नवी परिस्थिती

आपल्या पूर्वजांना ‘कळवतो’ म्हणण्याची वेळ क्वचितच येई. मारवाडातून निजामाच्या मुलखात आलेला तरुण नात्यागोत्यातील एखाद्या पेढीवर गुमास्ता म्हणून बसे. तेथेच राही, तेथेच जेवी, वहीखाते शिके, आणि विश्वास संपादन केल्यावर पुढे भागीदार होई किंवा आपले स्वतंत्र दुकान मांडी. त्याला बोलावणारे मामा असत, नाही म्हणायचे झाले तर ते काकांच्या तोंडून सांगितले जाई, आणि दोन्हीकडची लाज नातेच राखी.

आज तसे राहिलेले नाही. आपली मुले पुण्या-मुंबईला शिकायला जातात व तिकडेच स्थिरावतात. दुकानात संगणकावर बिल करणारी मुलगी, जी.एस.टी.चे काम पाहणारा तरुण, गोदाम सांभाळणारा माणूस, हे बहुधा आपल्या नात्याबाहेरचे, पुष्कळदा शिकलेल्या पहिल्या पिढीतील असतात. कड्याच्या श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी ग्रामीण मुलांसाठी शिक्षणाचे दार उघडले. ती शिकलेली मुले आता आपल्या दारात उभी आहेत. नाते नाही, मध्यस्थ नाही. मध्ये आहे तो केवळ शब्द. म्हणून त्या शब्दाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

व्यापाऱ्याला शब्दाची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. हुंडीचा व्यवहार आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. दर्शनी हुंडी दाखवताच सकारायची आणि मुदती हुंडी मुदत भरताच, हा नियम ज्याने मोडला त्याची पत बाजारातून उठली. ‘शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवतो’ ही मुदती हुंडीच होय. नुसते ‘कळवतो’ ही मात्र मुदत न लिहिलेली हुंडी. समोरचा ती जपून ठेवतो आणि कोठेच वटवू शकत नाही.

मौनाची कारणे

या मौनामागे वाईट हेतू असतो असे नाही. तोंडावर नाही म्हणून कोणाचे मन कशाला दुखवावे, अशी एक भावना असते. निवडलेला मुलगा चार दिवसांत सोडून गेला तर दुसरा हाताशी असावा, हा व्यवहारी विचारही असतो. आणि ‘एवढ्या सगळ्यांना फोन कोण करीत बसणार?’ हे कारण तर ठरलेलेच.

पहिल्या कारणाचे उत्तर असे की, नकाराने मन एकदा दुखावते, प्रतीक्षेने रोज दुखावते. दुसऱ्याचे उत्तर असे की, राखीव ठेवायचे असेल तर तसे सांगून ठेवावे: ‘तुमचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे, दिवाळीपर्यंत जागा निघाली तर प्रथम तुम्हाला विचारू, मात्र तोवर दुसरीकडे काम मिळाले तर अवश्य घ्या.’ तिसऱ्या कारणाचा हिशेब तर आपणच करावा. बारा जण येऊन गेले असतील, तर प्रत्येकी दोन मिनिटे धरून चोवीस मिनिटे होतात. फोनही नको असेल तर व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: ‘आपण आमच्याकडे मुलाखतीस आलात याबद्दल आभारी आहोत. या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. आपल्याला लवकर चांगले काम मिळो, ही शुभेच्छा.’

श्रावकाचार काय सांगतो

मुनींच्या पाच समितींत भाषासमितीची गणना आहे. श्रावकासाठी अणुव्रते आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना असे वाटते की, जणू दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यासाठीच ते सांगितले आहेत.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार येतो, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बुडविणे. नोकर सोडून जाऊ नये म्हणून त्याची मूळ गुणपत्रिका किंवा टी.सी. ठेवून घेणे आणि मागितली तर टाळाटाळ करणे, हे या अतिचाराच्या किती जवळ जाते, ते सुज्ञ वाचकांनीच ताडावे. कागद पाहावेत, छायाप्रत घ्यावी, मूळ प्रत तत्काळ हाती द्यावी. त्याच व्रतात दुसऱ्याचे गुपित उघड करण्यालाही अतिचार म्हटले आहे. मुलाखतीत एखाद्याने घरची अडचण सांगितली, जुन्या मालकाशी बिनसल्याचे सांगितले, तर ती गोष्ट शेजारच्या दुकानात चहाबरोबर वाटली जाऊ नये.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे वेळेवर खाऊ-पिऊ न देणे, यांचा समावेश आहे. काम किती तास, दुपारी जेवायला सुट्टी केव्हा, दिवाळीत दुकान रात्री किती वाजता बंद होते आणि तोपर्यंत गावाकडची शेवटची एस.टी. मिळते की नाही, हे मुलाखतीतच सांगणे म्हणजे या व्रताचे व्यवहारातील पालन होय. ‘चार दिवस काम करून बघ, मग ठरवू’ असे म्हणून त्या चार दिवसांचा मोबदला न देणे हेही त्यात बसत नाही.

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्‌गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिले स्थान न्यायाने मिळविलेल्या वैभवाला आहे. वैभव न्यायाचे की नाही, याची परीक्षा केवळ मापात आणि भावात होत नाही. आपल्याकडे काम मागायला आलेल्याशी आपण कसे वागलो, यातही ती होते.

काही साधे नियम

पाटीवर किंवा जाहिरातीत कामाचे स्वरूप, वेळ आणि पगार स्पष्ट लिहावा. ‘पगार योग्यतेनुसार’ एवढ्यावर भागवल्यास दुरून आलेल्याची फेरी व्यर्थ जाण्याचा संभव असतो. वेळ देऊन बोलावले असेल तर गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्याला तासन्‌तास उभे ठेवू नये. उशीर होणारच असेल तर बसायला जागा, प्यायला पाणी आणि किती वेळ लागेल याची कल्पना द्यावी. वयाने लहान असला तरी उमेदवाराशी ‘अहो’ने बोलावे, रुजू झाल्यावर सलगीने येणारे ‘अरे’ वेगळे आणि पहिल्या भेटीतील ‘अरे’ वेगळे.

मुलींना ‘लग्न कधी करणार?’ असे विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. भरतीच्या वेळी स्त्री-पुरुष असा भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, आणि २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातही तशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या कन्येला परगावच्या कार्यालयात असा प्रश्न विचारलेला आपल्याला रुचेल काय, एवढा विचार पुरेसा आहे.

निवड झाल्यावर पगार, कामाची वेळ, सुट्टीचा वार आणि रुजू होण्याची तारीख एका कागदावर लिहून द्यावी. वहीत लिहिले नाही ते घडले नाही, असे मानणाऱ्या आपल्या समाजाला हे जड जाऊ नये.

दुसरी बाजू

शिष्टाचार एकतर्फी असत नाही. ‘सोमवारपासून येतो’ म्हणून गेलेला मुलगा सोमवारी येत नाही, फोन बंद ठेवतो; धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी न सांगता निघून जातो; एकाच वेळी दोन दुकानांना होकार देतो. अशा अनुभवांची तक्रार प्रत्येक पेठेत ऐकू येते आणि ती खोटी नाही. ऐन हंगामात मोकळी राहिलेली गादी व्यापाऱ्याला किती महागात पडते, हे बाहेरच्याला कळत नाही.

तरीही या वागण्याच्या मुळाशी काय आहे, ते पाहिले पाहिजे. ज्या घरात शेठजींना आणि मुकादमांना आजवर कोणी नाही म्हटलेले नाही, त्या घरातील मुलाला नकार उच्चारण्याचे धैर्य होत नाही. म्हणून तो फोन बंद करतो. मोठ्या पेढीचे मौन आणि त्या मुलाचे मौन एकाच भीतीतून येते, फरक एवढाच की मौन मोडण्याची ताकद आपल्याकडे अधिक आहे. मुलाखतीच्या शेवटी एवढे सांगून पाहावे: ‘तुमचा विचार बदलला तर संकोच न करता एक संदेश टाका, आम्हाला राग येणार नाही.’ तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे की, ‘काका, मला दुसरीकडे काम मिळाले, येऊ शकत नाही, क्षमा असावी’ हे एक वाक्य पुढच्या वेळचे दार उघडे ठेवते. आपल्या गावांत पेठ लहान असते, आणि कोण शब्दाला जागतो हे सर्वांना ठाऊक असते.

संवत्सरीला आपण नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, ग्राहकांची, दुकानातील माणसांची क्षमा मागतो. ज्यांना ‘कळवतो’ म्हणून सांगितले आणि कळवले नाही, त्यांच्यापर्यंत मात्र ती क्षमा पोहोचत नाही, कारण त्यांची नावेही आपल्याजवळ उरलेली नसतात. यंदा मुलाखती घेताना रोजमेळाशेजारी एक लहान वही ठेवावी. आलेल्याचे नाव, गाव, फोन क्रमांक आणि उत्तर देण्याची तारीख तीत लिहावी, आणि उत्तर दिले की त्या नावापुढे खूण करावी. गावात उचल वाटली जाण्यापूर्वी ती वही पुरी झालेली असावी.