‘रेव्हन’ची शोधयात्रा

भिलाईच्या सेक्टर ६ पासून समुद्र शेकडो मैल दूर. तरी तेथील पोलाद आज समुद्रावर फिरत आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रान्त’ या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, ते बोकारो आणि राउरकेला यांच्या जोडीने भिलाईच्या कारखान्यानेही पुरविले. ‘विक्रान्त’चे नाव आता घरोघर ठाऊक आहे. परंतु अशा नौकांच्या पूर्वजांपैकी एक जहाज १९१७ साली आपल्याच समुद्रात, मुंबई-कोलंबोच्या जलमार्गाला धोका देणाऱ्या एका शत्रूचा माग काढीत हिंडले होते, हे फारसे कुणाला माहीत नसते.

हे जहाज मुळात युद्धनौका नव्हतेच. ब्रेमेन येथील हान्सा कंपनीचे ‘राबेनफेल्स’ हे १९०३ साली बांधलेले, साडेचार हजार टनांहून थोडे मोठे मालवाहू जहाज. या कंपनीचा मोठा व्यापार हिंदुस्थानाशी चाले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ‘राबेनफेल्स’ पोर्ट सैदला होते. इंग्रजांनी ते जप्त केले आणि त्यावर जलविमाने चढविली. आरंभी विमाने फ्रेंच, वैमानिकही फ्रेंच आणि शेजारी बसणारा निरीक्षक मात्र इंग्रज, असा मजेदार संसार होता. १९१५ साली जहाजाचे नामकरण ‘रेव्हन दुसरे’ असे झाले. जर्मन ‘राबे’ म्हणजे डोमकावळा, आणि इंग्रजी ‘रेव्हन’ म्हणजेही तोच. मालक बदलला, पण पक्षी तोच राहिला.

आजच्यासारखी धावपट्टी त्या जहाजावर कुठली असणार? विमानाच्या खाली चाकांच्या जागी लांबट, पोकळ तरंगक असत. जहाज थांबवायचे, यारीने विमान उचलून अलगद पाण्यावर ठेवायचे आणि मग वैमानिकाने लाटांवरून वेग घेत आकाशात उठायचे. परतल्यावर जहाजाच्या कुशीला उतरायचे आणि पुन्हा यारीला लटकून वर यायचे. समुद्र जरा खवळला की हा सारा खेळ बंद. शिवाय थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीला आयतेच लक्ष्य. असे असूनही या खटाटोपाचा मोह पडे, कारण डोलकाठीवरच्या टेहळ्याला जेवढा समुद्र दिसतो, त्याच्या कितीतरी पट समुद्र विमानातून दिसतो.

अशा दृष्टीची निकड १९१७ च्या मार्चमध्ये अचानक भासली. ५ मार्च रोजी एडनजवळ ‘ओडिन’ या इंग्रज युद्धनौकेने एका संशयित जहाजाला गाठले, तेव्हा त्यावरील जर्मनांनी ते स्वतःच बुडविले. जे खलाशी हाती लागले त्यांच्याकडून उलगडा झाला की, ‘वुल्फ’ नावाची जर्मन चाचेनौका महासागरात वावरत असून वाटेत पाणसुरुंग पेरीत आहे. कप्तान कार्ल ऑगस्ट नेर्गेर याच्या या नौकेने फेब्रुवारीतच कोलंबोपुढे आणि मुंबईपुढे सुरुंग टाकले होते. कोलंबोबाहेर ‘वूस्टरशायर’ आणि ‘पर्सियस’ ही जहाजे त्याच महिन्यात त्यांना बळी पडली.

तेव्हा ‘रेव्हन’ला फ्रेंच क्रूझर ‘पोत्युओ’च्या सोबतीने हिंदी महासागरात धाडण्यात आले. लखदीव, मालदीव, शागोस ही बेटे एकामागून एक पालथी घालण्यात आली. प्रवाळबेटांच्या शांत खाजणांत शत्रू कोळसा भरीत दडला असेल, हा तर्क चुकीचा नव्हता. एप्रिलमध्ये मालदीवपाशी एक विमान वाट चुकून उतरले. त्यातील दोघे जण बेटवासीयांच्या मदतीने सुखरूप परतले. ‘वुल्फ’ मात्र कुठेच आढळली नाही.

आढळणार कशी? ती केव्हाच दक्षिणेकडे निसटून न्यूझीलंडच्या बाजूला पोहोचली होती. आणि नवलाची गोष्ट ही की, तिच्याजवळही एक जलविमान होते. त्याचे नाव ‘वोल्फशेन’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू. २ जून रोजी त्या विमानाने ‘वैरुना’ या जहाजावर वरून चिठ्ठी टाकून त्याला शरण यायला लावले. इकडे सबंध आरमारे शोधीत होती, तिकडे एकच विमान आपल्या नौकेसाठी सावज हेरीत होते.

‘रेव्हन’ जूनमध्ये पोर्ट सैदला परतले. त्याच महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मुंबईपुढच्या सुरुंगांनी आपले काम केले. १७ जूनला ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाले. २३ जूनला ‘मंगोलिया’ हे पी. अँड ओ. कंपनीचे टपाल व उतारूंचे जहाज मुंबईच्या दक्षिणेस गेले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. चाचेनौका चार महिन्यांपूर्वीच निघून गेली होती. तिने मागे ठेवलेला मृत्यू पाण्याखाली होता. बेटांमागे दडलेली नौका हेरण्यासाठी निघालेल्या विमानांना या धोक्यावर उपाय नव्हता. तिथे सुरुंग काढणाऱ्या लहान बोटींचीच गरज होती.

‘वुल्फ’ ४५१ दिवसांनी, वाटेत एकाही बंदरात न शिरता, फेब्रुवारी १९१८ मध्ये कीलला परतली. आता या कथेतील सर्वांत विलक्षण योगायोग. ‘वुल्फ’चे मूळ नाव ‘वाख्टफेल्स’, आणि तीही हान्सा कंपनीचीच! एडनजवळ बुडालेले ते जहाजदेखील मुळात याच कंपनीचे ‘गुटेनफेल्स’. म्हणजे शिकारी, सावज आणि मागावर आणणारा दुवा, तिन्ही एकाच पेढीची जहाजे. युद्धानंतर ‘वुल्फ’ फ्रेंचांच्या वाट्याला येऊन ‘आंतिनूस’ झाली आणि १९३१ साली मोडीत निघाली. ‘रेव्हन’ पुन्हा माल वाहू लागले. ‘फेल्स’ म्हणजे खडक. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले ‘रेव्हनरॉक’, म्हणजे ‘राबेनफेल्स’चेच शब्दशः भाषांतर.