ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना आरोग्य विमा बंधनकारक. मात्र संपूर्ण बिलाची हमी नाही

नवी दिल्ली : शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना ‘ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर’ हा आरोग्य विमा घेणे बंधनकारक आहे. मात्र, या विम्यातून उपचारांचा संपूर्ण खर्च मिळेलच असे नाही. ही मर्यादा आजारपणातच लक्षात आल्यास विद्यार्थ्यावर आणि त्याच्या कुटुंबावर मोठा आर्थिक भार पडू शकतो.

ऑस्ट्रेलियाची ‘मेडिकेअर’ ही सार्वजनिक आरोग्य योजना प्रामुख्याने तेथील नागरिक व कायमस्वरूपी रहिवाशांसाठी आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि इटलीसह ११ देशांशी ऑस्ट्रेलियाने परस्पर आरोग्यसेवा करार केले आहेत. त्यांत भारताचा समावेश नाही. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तेथील सरकारशी करार केलेल्या विमा कंपनीकडूनच हा विमा घ्यावा लागतो. विद्यार्थी ऑस्ट्रेलियात असेपर्यंत तो चालू ठेवणे, ही व्हिसाची अट आहे.

विम्याची रक्कम डॉक्टरांच्या बिलावर नव्हे, तर मेडिकेअरच्या दरपत्रकावर ठरते. जनरल प्रॅक्टिशनरकडील तपासणीसाठी या दरपत्रकातील शुल्काच्या १०० टक्के रक्कम मिळते. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी हे प्रमाण साधारणपणे ८५ टक्के असते. उदाहरणार्थ, तज्ज्ञांचे दरपत्रकातील शुल्क १०० डॉलर असेल आणि त्यांनी २०० डॉलर आकारले, तर विम्यातून ८५ डॉलर मिळतील. उर्वरित ११५ डॉलर विद्यार्थ्याला स्वतः भरावे लागतील.

सर्वसाधारण दंतोपचार, चष्मा व फिजिओथेरपी यांचा खर्च मूळ विम्यात समाविष्ट नसतो. त्यासाठी अतिरिक्त संरक्षण घ्यावे लागते. औषधांच्या खर्चाची भरपाईही मर्यादित असते. आधीपासून असलेल्या शारीरिक आजारासाठी साधारणपणे १२ महिन्यांचा, तर मानसिक आजारासाठी दोन महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो. त्यामुळे मधुमेह किंवा दम्यासारखा आजार असलेल्या विद्यार्थ्यांनी विमा निवडण्यापूर्वीच या अटी तपासणे आवश्यक ठरते.

शिक्षण पूर्ण झाल्यावर तात्पुरत्या पदवीधर व्हिसासाठी विद्यार्थी विमा पुरेसा ठरत नाही. अभ्यागतांसाठीचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. मुलांना भेटण्यासाठी जाणाऱ्या पालकांनाही मेडिकेअरचा लाभ मिळत नाही. पर्यटक व्हिसावर विम्याची अट सरसकट लागू नसली, तरी तो नसल्यास रुग्णालयाचे पूर्ण बिल त्यांनाच भरावे लागते. अभ्यागतांच्या विमा योजनांमधील लाभ कंपनीनुसार बदलत असल्याने केवळ हप्त्याची तुलना पुरेशी नाही.

खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी विमा कंपनीशी थेट बिलाची व्यवस्था असलेले डॉक्टर निवडणे उपयुक्त ठरते. तज्ज्ञांची वेळ घेतानाच त्यांचे शुल्क आणि विम्यातून मिळणारी रक्कम विचारून घ्यावी. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीकडून संभाव्य भरपाईचा तपशील लेखी घेणे हिताचे आहे.