बालीचे वाटण आणि आमच्या डब्यातील कापूरकाचरी

बाली बेटावरील पारंपरिक वैद्यकास ‘उसद’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘औषध’ शब्दाचेच रूप होय. तेथील ताडपत्रांवरील ग्रंथांत वनस्पतींचे उष्ण, शीत व मध्यम असे वर्गीकरण आढळते. आणि जी कंदमुळे अंगास लेप म्हणून लावतात, त्यांपैकी बरीचशी स्वयंपाकातही वाटली जातात. या वाटणास ‘बसा गनेप’, म्हणजे संपूर्ण मसाला, असे नाव आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही ते घरी करावयास घेतले. अर्धा किलो सुरमईसाठी दहा लहान कांदे, सहा लसूणपाकळ्या, दोन पेरे ओली हळद, एक पेर आले, दोन पेरे कुळिंजन, तीन लाल मिरच्या, चमचाभर धणे, थोडी मिरी, चिमूटभर जायफळ आणि एक लहान तुकडा केंचूर. बालीत यात लांब पिंपळीही पडते. ती पायपर रेट्रोफ्रॅक्टम, म्हणजे आपल्या चव्याचीच वेल. आम्ही लेंडीपिंपळीच्या दोन कणसांवर भागवले. तेथील ‘केमिरी’ ही बी कच्ची खाल्ल्यास वांत्या व जुलाब होतात, म्हणून तिच्या जागी काजू घेतले. कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याऐवजी भाजलेला सुका जवळा कोकणी जिभेस पुरतो.

केंचूर म्हणजे काम्फेरिया गॅलंगा, आपले चंद्रमूळ. एका दुकानात ते मागितले, तेव्हा तांबूस सालीच्या पांढऱ्या चकत्या मिळाल्या. “हेच ते,” असे ठामपणे सांगण्यात आले, आणि आम्हीही वैद्य असून वास घेतल्यासारखे केले. वाटण खोबरेल तेलात परतले, माशाचा खिमा व खवलेला नारळ त्यात मळला, गवती चहाच्या जाड बुडख्यांभोवती थापून निखाऱ्यावर भाजला. बालीत यास ‘साते लिलित’ म्हणतात. पहिल्याच घासास सौभाग्यवती म्हणाल्या, “यात दिवाळीचे उटणे पडले आहे काय?”

निदान अचूक होते. चकत्या कापूरकाचरीच्या, म्हणजे हेडिचियम स्पायकॅटमच्या होत्या.

ताटातली चूक तात्काळ कळली. तोच तुकडा काढ्यात उकळला असता तर? केरळातील वैद्य शटी म्हणून काम्फेरिया वापरतात. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात शटी म्हणून हेडिचियम दिले आहे. आणि आपल्या बाजारात कचोऱ्याची, म्हणजे कर्कुमाच्या एका जातीची, भर पडते. कुळिंजनाचीही तीच कथा. दक्षिणेत अल्पिनियाची मुळे रास्ना म्हणून चालतात, तर फार्माकोपियातील रास्ना म्हणजे प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने. औषधी दुकानदार बंधूंनी विशेष ध्यानी घ्यावे की, एथिल पॅरामेथॉक्सी सिनॅमेट हे प्रमुख सुगंधी द्रव्य काम्फेरिया व हेडिचियम या दोहोंतही असते. केवळ त्याच्या आधारे प्रयोगशाळेने दिलेला निर्वाळा पुरेसा मानता येणार नाही. बरणीवर केवळ ‘शटी’ न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहावे, आणि खरेदीच्या पावतीवरही ते मागावे.

मासे व नारळाचे दूध एकत्र आल्याने विरुद्धाहार होतो काय, असे काही मित्रांनी विचारले. चरकसंहितेतील निषेध मत्स्य आणि पय यांच्या संयोगाचा आहे. नारळाचा रस हे गोदुग्ध नव्हे. अन्यथा अवघ्या कोकणास पथ्यावर बसवावे लागेल! मात्र हे वाटण उष्ण, तीक्ष्ण असल्याने अम्लपित्ताच्या रुग्णास आम्ही ते देणार नाही. त्याने उकडलेली चवळीची शेंग व पालेभाजी ओल्या नारळात कालवून, मिरची वगळून खावी. बालीतील ‘उरब’ याच जातीचा.

पुढे एका स्नेह्याने केरळातून चंद्रमुळाचे ओले कंद आणून दिले. त्यांतील दोन कुंडीत लावले. पाने जमिनीस चिकटून आडवी पसरली आहेत. कापूरकाचरीचे झाड उभे वाढते, तेव्हा निदान येथे तरी घोटाळ्यास वाव नाही. उरलेल्या कंदांतून नखाएवढा तुकडा वाटणात घालून तोच पदार्थ पुन्हा केला. या वेळी ताटात काही उरले नाही.