परसदारानं आलेला चंद्र

माझे वडील एका दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधीमधी मी त्यांच्याबरोबर कचेरीत जायचो. तिथं जिन्याखालच्या खोलीत टेलिफोटोचं यंत्र होतं. दूरच्या कुठल्या तरी शहरातून तारेवरून आवाज यायचा. किर्र, क्षणभर थांबा, पुन्हा किर्र. त्या ठेक्यावर नळकांड्याला गुंडाळलेल्या कागदावर एकेक रेघ ओढली जायची. आधी केस, मग कपाळ, मग चष्मा. हनुवटी येईपर्यंत माणूस कोण ते कळायचं नाही. यंत्रावर बसणाऱ्या काकांना मात्र आवाज ऐकूनच कळायचं की येतोय तो फोटो आहे. तो ठेका मी विसरलो नाही.

म्हणूनच बऱ्याच वर्षांनी लूना-9 ची हकिकत वाचताना अंगावर काटा आला. इंग्लंडमधल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी तोच ठेका चंद्रावरून येताना ऐकला होता.

3 फेब्रुवारी 1966. सोव्हिएत युनियनचं लूना-9 वादळांच्या महासागरात अलगद उतरलं. माणसानं बनवलेली वस्तू न फुटता चंद्रावर टेकण्याची ती पहिलीच वेळ. उतरलेला भाग शंभरेक किलोचा. चार पाकळ्या उघडल्या, एक छोटा कॅमेरा आरसा फिरवत भोवताल टिपू लागला. चंद्रावर धुळीचा इतका जाड थर असेल की यान त्यात गडप होईल, असं थॉमस गोल्ड यांच्यासारखे मातब्बर शास्त्रज्ञ सांगत होते. यान गडप झालं नाही, हीच मोठी बातमी होती. पण मॉस्को फोटो देईना.

इकडे चेशरमधल्या जॉड्रेल बँकची 250 फुटी तबकडी चंद्राकडे कान लावून बसली होती. बर्नार्ड लव्हेल यांनी हट्टानं उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणीचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता आणि तिच्यावरच्या कर्जापायी लव्हेल यांच्या नाकी नऊ आले होते. तिची अब्रू राखली ती स्पुतनिकनं. 1957 मध्ये स्पुतनिकचं वाहक रॉकेट रडारनं टिपण्याची ताकद पश्चिमेकडे याच तबकडीत होती. 1959 मध्ये लूना-2 निघालं तेव्हा तर कोणत्या लहरींवर ऐकायचं ते रशियनांनी स्वतः टेलेक्सनं कळवलं होतं, कारण ‘यान खरंच चंद्रावर आपटलं’ असं सांगणारा त्रयस्थ साक्षीदार त्यांना हवा होता. पुढच्या कथेत या टेलेक्सचं काम आहे, तो ध्यानात असू द्या.

तर 1966 मध्ये जॉड्रेल बँकच्या लोकांना चंद्राकडून येणाऱ्या आवाजात ओळखीचा ठेका सापडला. वर्तमानपत्रं फोटो पाठवायला वापरतात तसलाच हा संदेश! मग यंत्र आणायचं कुठून? वर्तमानपत्राकडूनच. ‘डेली एक्स्प्रेस’च्या मँचेस्टर कचेरीतून फोटो उतरवून घेणारं यंत्र गाडीत घालून आणण्यात आलं. काळ्या काचांच्या त्या इमारतीत हे यंत्र रोज कुठल्या फुटबॉल सामन्याचे, कुठल्या पुढाऱ्याचे चेहरे उमटवत असेल. त्या दिवशी त्याच्यावर चंद्राची जमीन उमटली. खडे, सावल्या आणि पलीकडे क्षितिज. 5 फेब्रुवारीच्या ‘एक्स्प्रेस’मध्ये ते चित्र सगळ्या जगानं पाहिलं. ज्यांनी यान पाठवलं त्यांच्या देशातल्या वाचकांच्याही आधी.

मॉस्कोला हे रुचणार नव्हतंच. पण त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. इंग्लंडातल्या त्या चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण चुकलं होतं. चित्र आडवं दाबलं गेलं होतं, त्यामुळे साधे दगड सुळक्यांसारखे दिसत होते. चंद्र होता त्याहून जास्त खडबडीत छापून आला. लव्हेल यांचं हे वागणं शिष्टसंमत होतं का? नव्हतं. दुसऱ्याच्या घरी आलेली तार आपण फोडून चावडीवर वाचावी, त्यातला हा प्रकार. तरीही एक उपसंपादकाचा मुलगा म्हणून मला विचाराल तर मी त्या वाकड्या चित्राच्या बाजूनं आहे.

या विषयात मी जसजसा शिरत गेलो तसतशी एक गंमत दिसू लागली. अंतराळातली जी चित्रं लोकांच्या मनात घर करून बसली, त्यांतली कितीतरी पुढच्या दारानं आलेलीच नाहीत. पुढच्या दारावर संस्था असते, प्रमुख शास्त्रज्ञ असतो, प्रसिद्धी विभाग असतो, कोनशिला असते. चित्र येतं ते परसदारानं, ज्याचं ते कामच नव्हतं अशा माणसाच्या हातून.

मरिनर-4 चं उदाहरण घ्या. 14 जुलै 1965 ला ते मंगळाजवळून गेलं आणि त्यानं 22 चित्रं घेतली. शेवटचं अर्धवट. एका चित्रात 200 रेघा, रेघेत 200 ठिपके, ठिपक्याला 0 ते 63 मधला एक आकडा. पृथ्वीवर संदेश यायचा सेकंदाला जेमतेम 8 बिटांनी. हिशेब केला तर एका चित्राला आठ तास. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रिचर्ड ग्रम हे अभियंते होते. यानावरच्या टेप रेकॉर्डरचं काम त्यांच्याकडे. रेकॉर्डर चालला की नाही याची धाकधूक त्यांना होती आणि संगणकातून नीट चित्र निघेपर्यंत थांबण्याइतका धीर नव्हता. त्यांनी छापून आलेल्या आकड्यांच्या पट्ट्या एकाशेजारी एक फळ्यावर लावल्या आणि आकड्यानुसार रंग भरायला घेतले. करड्या छटांचे खडू आणायला माणसं चित्रसाहित्याच्या दुकानात गेली तर दुकानदार म्हणाला, खडू आम्ही ठेवत नाही, रंगीत पेस्टल आहेत. तेच आणले. तपकिरी, तांबूस, पिवळे.

आपल्याकडे ही युक्ती कुणालाही चटकन कळेल. ती ठिपक्यांची रांगोळी आहे. फरक इतकाच की ठिपके नाही म्हटलं तरी एकवीस कोटी किलोमीटर लांबून, मंगळाजवळून मोजून आले होते. प्रसिद्धी विभाग धास्तावला, कारण खरं चित्र तयार होण्याआधी वार्ताहरांनी ही रांगोळीच टिपली तर? त्यांची भीती खरीच ठरली. रंगवलेला तो फळा पुढे चौकटीत बसवून संस्थेचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट दिला गेला आणि आजही तो संस्थेत जपलेला आहे. यानानं पाठवलेली मूळ कृष्णधवल चित्रं इतकी धूसर आहेत की ती फक्त जाणकारांनीच पाहावीत. माझ्या लेखी मंगळाचं पहिलं चित्र म्हणजे तो फळाच.

मधली वर्षं मी भरभर ओलांडतो. 1976 मध्ये व्हायकिंगचं पहिलं रंगीत चित्र घाईनं दिलं तर मंगळाचं आकाश निळं निघालं, ते दुसऱ्या दिवशी गुलाबीसर करावं लागलं, वार्ताहरांनी हुर्यो उडवली. 1979 मध्ये गुरूच्या आयो या चंद्रावरचा जिवंत ज्वालामुखी सापडला तो व्हॉयेजरच्या शास्त्रीय चित्रांत नव्हे. लिंडा मोराबितो या मार्ग-आखणीच्या गटातल्या. यान नेमकं कुठं आहे हे ठरवायला मागचे अंधूक तारे दिसावेत म्हणून मुद्दाम उजळ केलेल्या एका चित्रात त्यांना आयोच्या कडेला छत्रीसारखा फुगारा दिसला. वाटाड्याला खजिना सापडावा तसं झालं. 2004 मध्ये मंगळावरच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या बग्ग्यांच्या वेळी मात्र प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स यांच्या गटानं मोठं मन दाखवलं. आलेली चित्रं, कच्ची, जशीच्या तशी, लगेच जगाला खुली. शास्त्र बुडालं नाही.

मग 2014 उजाडलं आणि युरोपनं नेमकी उलटी चाल केली.

रोझेटा यान दहा वर्षं फिरून 6 ऑगस्ट 2014 ला 67पी या धूमकेतूपाशी पोचलं. युरोपीय अंतराळ संस्थेनं त्याचा गाजावाजा किती कल्पकतेनं केला होता! यान आणि त्याचं फिली हे लेकरू यांची व्यंगचित्रं, झोपलेल्या यानाला उठवण्याची स्पर्धा, पुढे चक्क एक कथापट. मुलं त्या दोन यानांच्या प्रेमातच पडली. आणि मग लोक म्हणाले, बरं, आता धूमकेतू दाखवा. तिथं गाडी अडली.

यानावर ओसायरिस नावाचा उत्तम कॅमेरा होता. तो संस्थेचा नव्हता. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या पुढाकारानं, निरनिराळ्या देशांच्या पैशांतून तो बनला होता. त्याचे प्रमुख होल्गर झीर्क्स. नियमाप्रमाणे पहिले सहा महिने चित्रांवर त्यांच्या गटाचा हक्क. अधूनमधून एखादं चित्र ते प्रसिद्ध करत, पण रोजचा रतीब नाही. कारणंही रास्त होती. वीस-वीस वर्षं या कॅमेऱ्यामागे घालवलेली माणसं, त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी. चित्र आज खुलं केलं तर भलताच कुणीतरी उद्या निबंध छापून मोकळा होईल. युरोपीय संस्थेचे शास्त्रीय सल्लागार मार्क मकॉकरियन यांना दोन्ही बाजूंची समजूत घालत बसावं लागलं. कॅमेरा ज्यांचा नाही ते हुकूम तरी कसा सोडणार?

मला यामागे एक जुनी जखमही दिसते. हा माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नये. मार्च 1986 मध्ये जॉटो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं तेव्हा त्याच परंपरेतल्या कॅमेऱ्याची चित्रं दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. ती कृत्रिम रंगांत होती, निळे-लाल-पिवळे पट्टे. कुणाला काही उमगेना. त्या कॅमेऱ्याचे प्रमुख होर्स्ट उवे केलर पुढे ओसायरिसचे पहिले प्रमुख झाले. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो.

शेवटी संस्थेनं काय केलं? तिनं वाटाड्या पुढे केला. यानावर मार्ग शोधण्यापुरते साधे कॅमेरे होते, चित्र जेमतेम एक मेगापिक्सेलचं, ओसायरिसच्या चौथाई. पण ते संस्थेच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांची चित्रं नियमित येऊ लागली आणि नोव्हेंबर 2014 पासून कुणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्यावर. हौशी मंडळी तुटून पडली. चार-चार तुकडे जोडून त्यांनी धूमकेतूचे कडे, धुळीचे झोत असे उजळवले की ओसायरिस असूनही धूमकेतूचा चेहरा लोकांना माहीत झाला तो या दुय्यम कॅमेऱ्यातून.

मोठ्या कॅमेऱ्यावर अन्याय नको. फिली धूमकेतूवर उतरताना धडपडत कुठल्याशा कपारीत जाऊन पडलं होतं, ते 2 सप्टेंबर 2016 ला ओसायरिसनंच शोधून दाखवलं. आणि त्याची चित्रं खुली झाल्यावर 2018 मध्ये स्पेनमधल्या जासिंत रोजे या हौशी गृहस्थांनी जून 2016 मधल्या चित्रांची मालिका जोडून काही सेकंदांची हलती फीत बनवली. काळ्या कड्यासमोर हिमवर्षाव होतोय असं वाटतं. तो हिम नव्हता. धूळ, विश्वकिरणांचे ओरखडे आणि मागचे सरकते तारे. जगभर लोकांनी ती पाहिली. चित्रं त्याआधी दोन वर्षं गटाच्या हाती होती, पण ती अशी हलवून बघण्याची बुद्धी बाहेरच्याला झाली.

आता आपल्या घरचं. 7 सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 चं विक्रम चंद्रावर उतरता उतरता गप्प झालं. दुसऱ्याच दिवशी इस्रोप्रमुख के. सिवन म्हणाले, यान सापडलं आहे, चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्यानं टिपलं आहे. चित्र? ते काही मिळालं नाही. तीसेक सेंटिमीटरची वस्तू ओळखणारा कॅमेरा वर घिरट्या घालत असताना आपण मात्र नासाच्या वेबसाइटकडे डोळे लावून बसलो. नासानं 17 सप्टेंबरचं चित्र सगळ्यांना खुलं केलं. चेन्नईतले शण्मुग सुब्रमणियन हे अभियंते. त्यांनी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून जुनं आणि नवं चित्र ठिपक्याला ठिपका लावून पाहिलं आणि एक जादा पांढरा ठिपका हुडकला. नासानं पुन्हा फोटो घेऊन खात्री केली, 2 डिसेंबरला त्यांचं नाव जाहीर केलं. मुख्य आदळजागेपासून साडेसातशे मीटरवर पडलेला तो तुकडा होता. त्यावर सिवन यांचं म्हणणं, आम्हाला आधीच सापडलं होतं. सापडलं असेलही. पण घरात ठेवलेल्या आणि दाराबाहेर मांडलेल्या रांगोळीत फरक असतोच ना! चांद्रयान-2 ची माहिती इस्रोनं खुली करायला सुरुवात केली ती डिसेंबर 2020 मध्ये.

चांद्रयान-3 च्या वेळी वारं बदललं होतं. 23 ऑगस्ट 2023 ला ऐंशी लाखांहून जास्त लोक यान उतरताना पाहायला एकाच वेळी यूट्यूबवर बसले होते. आठवड्यानं प्रज्ञान बग्गीनं या खेपेच्या विक्रमचा फोटो काढून पाठवला आणि इस्रोनं तो ‘स्माइल, प्लीज’ म्हणत दिला. कॅमेरा कुठला, तर रस्ता शोधायचा. पुन्हा वाटाड्याच.

जाता जाता त्या टेलेक्सकडे परत येतो. लूना-9 ची चित्रं वर्तमानपत्री यंत्रावर उतरावीत अशा प्रचलित पद्धतीनंच का पाठवली गेली? गुप्ततेसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या व्यवस्थेला वाटलं असतं तर दुसऱ्या कुणाला उलगडणार नाही अशी तऱ्हा सहज योजता आली असती. जॉड्रेल बँक ऐकतंय हे त्यांना पक्कं माहीत होतं, सात वर्षांपूर्वी त्यांनीच लहरी कळवल्या होत्या. अभियंत्यांनी हे जाणूनबुजून केलं, मॉस्कोतल्या साहेबांनी फोटो अडवले तरी ते इंग्लंडात उतरावेत म्हणून, अशी शंका पुढे अनेकांनी बोलून दाखवली आहे. कागदोपत्री आधार नाही. सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह उतरण्याच्या वीस दिवस आधी, 14 जानेवारीला शस्त्रक्रियेदरम्यान गेले. ते हयात असेपर्यंत त्यांचं नाव छापायलासुद्धा त्यांच्या देशात बंदी होती. त्यांच्या हाताखालच्या कुणी परसदाराची कडी मुद्दाम काढून ठेवली असेल, तर ते सांगायला तो पुढे आला नाही.