विहिरीतील सूर : एका ग्रामीण साहसक्रीडेची मीमांसा

साहसक्रीडा म्हटली की अभ्यासकांचे लक्ष प्रथम गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, दोराच्या आधाराने कडा उतरणे अशा सह्याद्रीच्या परिसरात रुजलेल्या प्रकारांकडे जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे जे धोरण मंजूर केले, त्यातही जमीन, पाणी आणि आकाश असे विभाग कल्पून सुरक्षिततेची जबाबदारी आयोजकांवर सोपविलेली आहे. परंतु ज्या खेळाला आयोजकच नसतो त्याचे काय, हा प्रश्न अशा धोरणांच्या कक्षेबाहेर राहतो. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, आणि एकंदर मराठवाड्यातच, असा एक खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत शेतातील विहिरीवर जमणे, काठावरून पाण्यात उडी टाकणे, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणे, हा तो खेळ होय. त्याला कोणी साहसक्रीडा म्हणत नाही. तथापि उंची, वेग, बंदिस्त जागा आणि चुकीला क्षमा नसणे ही साहसक्रीडेची सारी लक्षणे त्यात आहेत.

या खेळाचे शिक्षण अनौपचारिक असले तरी बेशिस्त नव्हते. मुलाच्या कमरेला किंवा पाठीवर वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, पुढच्या काळात झाकण पक्के केलेला रिकामा डबा अथवा मोटारीची हवा भरलेली ट्यूब बांधावयाची. तिला दोर लावून त्याचे टोक काठावर बसलेल्या चुलत्याने अगर थोरल्या भावाने धरावयाचे. आणि मूल हातपाय मारू लागले की दोर हळूहळू सैल सोडावयाचा, असा हा क्रम. जेथे पायऱ्यांची बारव असे तेथे हे शिक्षण अधिकच सोपे होई. कारण पायरी हीच पाण्याची खोली मोजणारी पट्टी ठरे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात चारठाण्यासारख्या ठिकाणी अशा जुन्या बारवा आजही पाहावयास मिळतात. पायऱ्या नसलेल्या विहिरीत मात्र पहिल्याच दिवशी अथांग पाण्याशी गाठ पडे.

भोपळ्यामागील शास्त्र साधे आहे. मानवी देहाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळची असते. छाती हवेने भरलेली असता बहुतेक माणसे जेमतेम तरंगतात. श्वास सोडला की बुडू लागतात. तरंगणारा मनुष्य डोके पाण्याबाहेर काढू पाहतो तेव्हा त्या डोक्याचे साधारण साडेचार ते पाच किलोग्रॅम वजन पाणी पेलीत नाही. तेवढा भार हातापायांच्या हालचालीने उचलावा लागतो. पाच लिटरचा रिकामा डबा जवळजवळ तेवढाच भार उचलतो. म्हणून एका मध्यम आकाराच्या भोपळ्याने मूल तरते, यात नवल नाही. परंतु येथेच एक गैरसमज घर करून आहे. पाठीवर बांधलेली तरंगणारी वस्तू पालथ्या देहाला आधार देते, म्हणजेच मुलाचे तोंड खाली पाण्याकडे असते. मूल जोवर मान उचलून धरते तोवर ठीक. ते थकले, घाबरले अथवा बेशुद्ध झाले, तर हाच भोपळा त्याला तोंड पाण्यात ठेवून तरंगवीत राहील. नौकेवरील जीवरक्षक जाकिटात तरंगणारा भाग छातीवर आणि मानेमागे का असतो, याचे उत्तर यात आहे. भोपळा हे शिक्षणाचे साधन आहे, रक्षणाचे नव्हे. रक्षण करी तो काठावरील हात व त्यातील दोर. आज डबे आणि ट्यूब मुबलक आहेत. दोर धरणारा माणूसच नाहीसा झाला आहे. मोट गेली, मोटार आली. विहिरीवर दिवसभर राबता असण्याचे कारण उरले नाही, आणि मुले एकटीच विहिरीवर जाऊ लागली.

पोहणे आले की उडी येते. उभी उडी, गुडघे छातीशी आवळून मारलेला मुटका आणि डोके खाली करून मारलेला सूर, असे तिचे तीन मुख्य प्रकार. यांतील कोणत्या प्रकारात धोका किती, हे उडी मारणाऱ्याच्या धाडसापेक्षा विहिरीच्या त्या दिवशीच्या स्थितीवर अवलंबून असते. हा मुद्दा विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

हिंगोली जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकातील विहिरींची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस सर्वांत वर येते आणि मे महिन्यात सर्वांत खाली जाते. शाळेला सुटी लागते तीही मे महिन्यातच. म्हणजे मुले विहिरीवर सर्वाधिक संख्येने येतात तेव्हा काठ पाण्यापासून सर्वांत उंच आणि पाणी सर्वांत उथळ असते. दिवाळीत जी उडी तीन मीटरांची होती ती वैशाखात दहा मीटरांची झालेली असते. तीन मीटर उंचीवरून पडणारा देह पाण्याला सुमारे २८ किलोमीटर ताशी वेगाने भिडतो. दहा मीटरवरून हाच वेग ५० किलोमीटरच्या घरात जातो. जलतरणाच्या स्पर्धांत दहा मीटर उंचीच्या मंचाखाली सुमारे पाच मीटर खोल पाणी ठेवतात. मे महिन्यातील विहिरीत परसभर पाणी शिल्लक असले तरी शेतकरी स्वतःला भाग्यवान समजतो! परस हे विहिरीची खोली सांगण्याचे, माणसाच्या उंचीवरून आलेले जुने माप आहे. आणि परसभर पाण्यात डोके खाली करून शिरणाऱ्याचे डोके तळावर आदळणे जवळजवळ अटळ आहे. अशा आघातात मानेचे मणके, विशेषतः पाचवा व सहावा, मोडून मज्जारज्जू दुखावतो आणि चारही अवयव कायमचे लुळे पडू शकतात.

उंचीचा आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. सात मीटर व्यासाची गोल विहीर घेऊ. काठावर दोन पावले धावत येऊन सेकंदाला चार मीटर वेगाने झेप घेणारा मुलगा, पाणी तीन मीटर खाली असता, पाऊण सेकंदाहून थोड्या अधिक काळात पाण्यावर पोचतो आणि तेवढ्यात सुमारे तीन मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे विहिरीच्या मध्याजवळ. तीच झेप, त्याच वेगाने, पाणी दहा मीटर खाली गेल्यावर घेतली तर पडण्यास १.४ सेकंद लागतात आणि देह साडेपाच मीटरांहून पुढे जातो. समोरची भिंत आता जेमतेम सव्वा मीटरावर राहते. मुलाच्या पायांना दिवाळीतील अंदाजाची सवय असते. विहीर मात्र बदललेली असते. झेपेत देह किंचित वर उचलला जातो तो काळ या हिशेबात धरलेला नाही. तो धरल्यास अंतर आणखी कमी होते.

खडकातील विहिरीची घडणही लक्षात घ्यावी लागते. वरची माती व मुरूम ढासळू नये म्हणून तेवढा भाग रुंद खोदून बांधून काढतात आणि खाली पाषाण सुरुंगाने फोडतात. त्यामुळे बांधकाम संपते तेथे अनेकदा एक टप्पा सुटतो, आणि खालच्या भिंतीला वेड्यावाकड्या कपारी राहतात. पाणी भरपूर असता टप्पा खोल बुडालेला असतो. पाणी आटले की तो उघडा पडतो व दिसतो. खरा घात होतो तो यांच्या मधल्या काळात, पाणी टप्प्यावर वीतभर किंवा हातभर असते तेव्हा. गढूळ पाण्याखालील तो खडक वरून दिसत नाही. जाणती पोरे म्हणूनच मोसमातील पहिल्या दिवशी उडी मारीत नसत. एक जण दोर धरून अथवा पायऱ्यांनी खाली उतरे, पायाने कपारी चाचपी, बुडी मारून तळ पाही, वर्षभरात कोणी आत टाकलेले लाकूड, काटेरी फास किंवा फुटका पाइप असल्यास तो बाहेर काढी, आणि मगच इतरांची वेळ येई. आजच्या प्रशिक्षकानेही यात भर घालण्यासारखे थोडेच आहे. पाणी स्वच्छ असले तरी डोळ्यावर भिस्त ठेवू नये. वरून पाहता पाण्याची खोली प्रत्यक्षाच्या सुमारे तीनचतुर्थांशच भासते. पोहता न येणारा याच भ्रमाने फसतो. दगड बांधलेला दोर सोडून खोली मोजणे हा एकच खात्रीचा उपाय आहे.

जागतिक स्तरावर उंच उडीच्या ज्या स्पर्धा २०१३ सालापासून जलतरणाच्या विश्वविजेतेपदाबरोबर भरतात, त्यांत पुरुष २७ मीटरांवरून व स्त्रिया २० मीटरांवरून उडी घेतात. एवढे कसलेले हे खेळाडूही पाण्यात पायांनीच शिरतात, आणि खाली पाण्यात मदतनीस पोहणारे आधीपासून सज्ज असतात. विहिरीवरील नवशिक्यासाठी याहून निराळा नियम असण्याचे कारण नाही. पहिल्या उड्या पाण्यालगतच्या पायरीवरून, उभ्या, पाय जुळवून व हात अंगाशी घेऊन. खाली एक चांगला पोहणारा कडेला धरून थांबलेला. आणि एका वेळी एकच उडी. मागून ढकलणे हा थट्टेचा प्रकार मानला जातो, तो मुळीच खपवून घेऊ नये. सूर मारावयाचा तो पाणी मोजल्यावर, आणि मे महिन्यात बहुधा नाहीच.

बुडी मारून तळ गाठण्याच्या पैजेतील धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. पैज जिंकण्यासाठी मुले आधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही. कर्बद्विप्राणिल वायू मात्र पुष्कळ कमी होतो. श्वास घेण्याची निकड आपल्याला जाणवते ती मुख्यतः या दुसऱ्या वायूच्या साठ्यामुळे. तोच उणा असल्याने निकड उशिरा जाणवते आणि तोपर्यंत प्राणवायू संपत येतो. वर येताना पाण्याचा दाब घटतो तसा फुप्फुसातील प्राणवायूचा दाबही घटतो, आणि मुलगा पृष्ठभागापासून हातभर अंतरावर, कोणतीही धडपड न करता, शुद्ध हरपून पुन्हा खाली जातो. काठावरच्यांना वाटते, गडी अजून बुडीतच आहे.

आधुनिक काळाने विहिरीत दोन नवे धोके आणून ठेवले आहेत. पहिला विजेचा. पाण्यातील मोटारीच्या केबलचे आवरण कुरतडले गेले असेल, तर वीज येताच आपोआप चालू होणारा स्टार्टर पाण्यातील मुलांच्या जिवावर उठतो. नुसता स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही. फ्यूज काढून तो कोणाच्या तरी खिशात असला पाहिजे. दुसरा धोका वायूचा. वापरात नसलेल्या खोल विहिरीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे जड व विषारी वायू साचतात, आणि विहिरीत उतरवून चालविलेल्या डिझेल इंजिनाचा धूर तर याहून घातक. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूचा अभाव दाखविते. विषारी वायू ओळखण्यास ती असमर्थ आहे, आणि ज्वालाग्राही वायू असल्यास उलट धोक्याची. एक मनुष्य खाली कोसळला म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा उतरतो आणि एकाच घरची माणसे एका विहिरीत जातात, हे अशाच विहिरींत घडते.

बुडणारा मनुष्य ओरडत नाही. त्याला श्वासालाच सवड नसते. तो पाण्यात उभा राहून हातांनी पाणी खाली दाबीत असतो आणि अर्ध्या-एक मिनिटात दिसेनासा होतो. त्याच्याजवळ गेलेल्याला तो मिठी मारतो, म्हणून दोर, धोतर, लुगडे, बांबू, डबा यांपैकी जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकणे हीच पहिली मदत. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून अथवा पोट दाबून पाणी काढण्याची जी चाल अद्याप आढळते ती सर्वस्वी त्याज्य आहे. पाणी निघत नाही, वेळ मात्र जातो. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर ३० वेळा छाती दाबणे व दोन श्वास हा क्रम सोडू नये, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेला मार लागल्याचा संशय असेल आणि श्वास चालू असेल, तर रुग्णाला तोंड वर करून पाण्यातच तरंगत धरावे व डोके धडाच्या रेषेत ठेवावे. मग चारही कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडावी आणि तिच्यावर घेऊन त्याला वर ओढावे. गावोगाव माहीत असलेली ही बाजेची युक्ती मानेच्या दुखापतीत फार मोलाची ठरते.

हे सारे शिक्षण परंपरेने मुलग्यांपुरतेच राहिले, ही त्यातील मोठी उणीव आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत टँकर विहिरीत रिकामा होतो, आणि काठावर वाकून पोहरा सोडणाऱ्यांत स्त्रिया व मुलीच अधिक असतात. ज्यांचा तोल जाण्याचा संभव सर्वांत जास्त, त्यांनाच पोहणे शिकविले जात नाही.

शिवाय विहिरीवर मिळविलेले कौशल्य सर्व पाण्यांत सारखे उपयोगी पडत नाही. ईसापूर आणि सिद्धेश्वर या जलाशयांवर वारा, लाट व लांब अंतर यांशी सामना असतो. गेल्या काही वर्षांत वाढलेली शेततळी तर त्याहून फसवी. त्यांत पाणी मुरू नये म्हणून उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावर शेवाळ धरले की उत्तम पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, कारण विहिरीच्या भिंतीला असते तशी कपारच तेथे नसते. चारही बाजूंना खुंटा ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवणे, अथवा जुने टायर एकमेकांस बांधून त्यांची शिडी उतारावर पसरणे, एवढ्याने हे संकट टळते. आणि हा खर्च त्या कागदाच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असतो.